सतरा डबे

सतरा निघाले. एकावर झाकण नाही.
संग्रहालयातला पोरगा विचारतो,
"बाईंची कारकीर्द एका परिच्छेदात सांगाल का?"
मी आवाजाचा माणूस, बाळा.
मला विचार, तेव्हा वारा कुठून येत होता.

पहिला माहितीपट चहाच्या मळ्यावर. गुरिया प्रांत, त्रेसष्ट साल.
मंत्रालयाला हवी होती उत्पादनाची चढती कमान
आणि पांढऱ्या रुमालांतल्या हसऱ्या बायका.
लामारानं कॅमेरा खाली आणला, बोटांपाशी.
नखांत साचलेला काळा चीक,
चिरा, चिरांतून शिरलेलं ऊन.
मी माइक घेऊन झुडपात, पाठीवर मुंगळे.
पान खुडल्याचा आवाज ऐकलायस कधी?
टक्क नाही. त्याहून कमी.
जुनी शिवण उसवताना एकेक टाका सुटतो, तसा.

मुकादम म्हणाला, "चेहरे घ्या की! नटूनथटून आल्यात."
त्यांतली त्सिउरी फटकळ.
"हात कसले दाखवता? हात तर माझी सासूही बघते."
सगळ्या हसल्या. ते हसू फितीवर आहे.

तिबिलिसीत चार साहेबांनी पाहिला.
दिवे लागले. एकानं घसा खाकरला.
अकरातली सात मिनिटं कात्रीखाली गेली.
लामारा रडली-बिडली नाही.
तुकडे गोळा केले, आईच्या लोणच्याच्या बरणीत दडवले,
आणि सोमवारी कामावर हजर.
या डब्याला अजून आंबट वास येतो.
पोरगा म्हणतो, जुनी फीत कुजली की येतोच.
मी म्हणतो, जोंजोलीचं लोणचं.

मग नावाडी झाला, घंटा ओतणारे झाले,
बहिऱ्या मुलांची शाळा झाली,
तेव्हा मला म्हणाली, "नुगझार, या खेपेला नायक तूच."
एक बक्षीस कुठल्याशा बर्फाळ गावचं.
त्यावर ती पाव कापायची.

पुढची सहा वर्षं वीज नाही, फीत नाही, पगार नाही.
काही केलं नाही तिनं, हेही लिही.
पावाच्या रांगेत पहाटे चारला उभी असायची
आणि मध्येच श्वास रोखायची. दहा सेकंद. कधी वीस.
मला कळायचं, शॉट चाललाय.
मीही पाय आपटणं थांबवायचो.
आमचं सर्वांत लांब काम तेच.
त्याला डबा नाही.

सत्तरीला आली तेव्हा म्हणाली, चल गुरियाला.
मळ्यात नेचे माजलेले, कारखान्यात कोंबड्या.
त्सिउरी होती. कंबरेत वाकलेली, जीभ ताठ.
अंगणात चादर ताणली, प्रोजेक्टर शाळेतून उसना,
आणि ती सात मिनिटं
चाळीस वर्षांनी पहिल्यांदा कुणी पाहिली.
बघून झाल्यावर त्सिउरी म्हणाली, "पुन्हा लाव."
पुन्हा लावली.
"म्हणजे मी अजून खुडतेच आहे?
घरी जाऊन माझं पोट दुखलं, पोरं झाली, नवरा मेला,
आणि तुझ्याकडे मी अजून मळ्यातच?
टोपली उतरव की, बाई. भरली असेल."

लामाराकडे उत्तर नव्हतं.
हातातला छोटा कॅमेरा तिनं बंद केला.
(मी माझं यंत्र नाही केलं. कुणाला सांगू नकोस.)
मग उठली, गुडघे धरत,
आणि दोरीवरची चादर ओढून काढली.

प्रोजेक्टर चालूच.
चित्र मागच्या तेंदूफळाच्या झाडावर गेलं,
आणि तरणे हात
त्या भलत्याच पानांत खुडत राहिले, खुडत राहिले.
त्सिउरी म्हणाली, "झाड चुकलं तुझं."
आणि हसली. तेच हसू.
ताडून पाहा हवं तर, पहिल्या डब्याशी.

बिनझाकणाच्या डब्यात ते आहे. चित्र नाही, नुसता आवाज.
शेवटी दोघी कुजबुजतात ते मला लागत नाही,
मी कानाचा धनी असूनही.

परिच्छेदाचं तू बघ.
माझ्या नावावर एवढंच लिही:
वारा समुद्राकडून होता. सातच्या सुमारास पडला.